बाईला समजावण्याआधी तिला प्रश्न नीट विचारा: सायकॉलॉजी सरकारी धोरणात नेमकं काय करते

प्रश्न असा आलाय: "मी एमए सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बायकांचं आरोग्य आणि स्त्री-पुरुष समानता याबद्दलच्या सरकारी धोरणांत सायकॉलॉजीचं योगदान काय यावर लिहायचंय. नोट्समध्ये जनजागृती, समुपदेशन, सक्षमीकरण एवढेच शब्द सापडतात. प्रत्यक्षात काय होतं? आणि यात करिअर आहे का?"

उत्तर लांब होणारे, चहा घेऊन बस. मी म्युनिसिपालिटीच्या आणि सरकारी हॉस्पिटलांत मिळून बावीसेक वर्षं काउन्सेलर म्हणून काढलीत, म्हणजे पॉलिसी बनते त्या टेबलावर नाही तर ती जिथे येऊन आदळते त्या ओपीडीत. तुझ्या नोट्समधल्या तीन शब्दांपैकी 'जनजागृती'वर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे ते आधीच सांगून टाकते. आमच्या विषयाचं खरं काम पोस्टरवर दिसत नाही, ते प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला, विचारताना खोलीत कोण कोण होतं आणि फॉर्मवर रकाना कुठला होता यात असतं. एवढं कळलं तर पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल, पण वाच.

केसपेपरपासून सुरू करते. नवीन होते तेव्हा कॅज्युअल्टीत रात्री एक बाई यायची, तोंड सुजलेलं, "बाथरूममध्ये पाय घसरला". दुसरी यायची, "खोकल्याचं समजून उंदराचं औषध प्यायले चुकून". तिसरी भाजलेली, "स्टोव्हचा भडका उडाला". आणि केसपेपरवर तसंच उतरायचं, पडून इजा, चुकून विषप्राशन, अपघाती भाजणं. डॉक्टर वाईट होते असं नाही गं, चौदा तास ड्युटी केलेला पोरगा शेजारी सासू उभी असताना विचारतो "काय झालं?" आणि उत्तर सासू देते, तो लिहून घेतो, पुढचा पेशंट. आता मला सांग, गावातल्या सगळ्या न्हाणीघरांच्या फरश्या फक्त बायकांच्याच पायाखाली घसरतात का? आणि घसरून पडलेल्या माणसाच्या दंडावर चार बोटांचे वळ कसे उठतात? हे दिसत सगळ्यांना होतं पण कागदावर नव्हतं, आणि जे कागदावर नाही त्यासाठी बजेट नाही, पोस्ट नाही, खोली नाही. सरकार कागदावरच्या माणसांवर चालतं.

मग मी मोठ्या उत्साहात विचारायला लागले, "घरी काही त्रास आहे का?" दहातल्या नऊ जणी "नाही". मला वाटायचं घाबरतायत. ते होतंच, पण त्याहून साधं कारण होतं, त्या माझ्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देत होत्या! त्यांच्या लेखी 'त्रास' म्हणजे दारू पिऊन रोज रात्री रस्त्यावर आणून मारणारा नवरा, आपला तर महिन्यातनं एखादवेळी हात उगारतो, तो काय त्रास? 'छळ', 'हिंसा', 'अत्याचार' हे आपले शब्द आहेत, कार्यशाळेतले. तेच मी "कधी ढकललं का? थोबाडीत मारली का? केस ओढले, हात पिरगळला?" असं एकेक विचारायला लागले तर त्याच बाया मान हलवायला लागल्या, आणि एक तर म्हणाली, "हां, ते तर होतंच की ताई, तुम्ही त्रासाचं विचारत होतात ना."

हे काही माझं डोकं नव्हे. लेबल विचारू नका, कृती विचारा हे मोजमापाचं तत्त्व आमच्या विषयात आणि शेजारच्या समाजशास्त्रात जुनं आहे, अमेरिकेत मरे स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली घरातल्या मारहाणीसाठी अशी कृतींची यादी असलेली मोजपट्टी मांडली. तिच्यावर टीकाही भरपूर झाली आणि ती योग्य होती, कोणी कोणाला किती वेळा मारलं एवढं मोजून कोण कोणाला घाबरून राहतं ते कळत नाही. पण सुधारलेल्या रूपात तीच पद्धत आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात म्हणजे एनएफएचएसमध्ये आली. १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत मारहाणीबद्दल थोडे प्रश्न होते, २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून एकेक कृती वेगळी विचारायला सुरुवात झाली, ढकलणं, थोबाडीत मारणं, लाथ मारणं, फरफटत नेणं, गळा दाबणं, असं. आणि विचारायचे नियम बघ, घरातल्या एकाच बाईला विचारायचं, एकांत मिळाला तरच विचारायचं, मधे कोणी आलं तर विषय बदलायचा, एकांत नसेलच तर तो भाग सोडून द्यायचा. एकाच बाईला का, तर जावेला किंवा सासूलाही तेच विचारलं की रात्री घरात चर्चा होणार, आणि मार कोण खाणार ते सांगायला नको.

या नीट विचारण्यातून जे निघालं ते धोरणाच्या भाषेत बोलता येतं. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. ज्यांच्यावर हिंसा झाली त्यातल्या सुमारे १४ टक्के जणींनीच कोणाची तरी मदत मागितली, आणि ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली ना कोणाला सांगितलं. आईलाही नाही, बहिणीलाही नाही. आणि सर्वेक्षण करायला आलेल्या अनोळखी मुलीला सांगितलं! प्रश्न नीट विचारण्याची ताकद एवढी असते. त्याच सर्वेक्षणात अजून एक प्रश्न आहे, नवऱ्याने बायकोला मारणं कुठल्या कारणासाठी योग्य वाटतं, सात कारणं देतात, आणि किमान एका कारणासाठी योग्य म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के, पुरुष ४४ टक्के. सगळ्यात पुढे असलेलं कारण म्हणजे सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं. हा आकडा दाखवून लोक म्हणतात "बघा, बायकांनाच चालतं". मला हे वाक्य ऐकलं की तिडीक येते. ज्या घरात दुसरा काही रस्ता नाही तिथे "हे बरोबरच आहे" असं मानून चालणं हा दिवस काढायचा उपाय असतो. तिला रस्ता द्या आणि मग विचारा.

आता रस्त्याबद्दल. मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' सुरू झालं, मुंबई महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून केलेलं. घरगुती हिंसेसाठीचं केंद्र, आणि ते हॉस्पिटलच्या आत, हॉस्पिटलचाच एक विभाग म्हणून. बाहेर संस्थेचा बोर्ड लावून टेबल टाकलेलं नाही, हा मुद्दा नीट लक्षात घे कारण त्यातच सगळं आहे. आपल्याकडे बाई पोलीस स्टेशनला गेली की मोहल्ल्याला कळतं, वकिलाकडे गेली की माहेरी फोन जातो, महिला मंडळात गेली की "हिला आता पंख फुटले". पण दवाखान्यात जायला कारण लागत नाही! पोराला ताप आहे, माझं बीपी तपासायचंय, गोळ्या संपल्या. दवाखाना ही अशी एकच जागा आहे जिथे बाई कोणालाही संशय न येता एकटी जाऊ शकते. त्यामुळे मदत तिथे नेऊन ठेवायची. लाज वाटेल असा दरवाजा नको आणि पायरी शक्य तितकी खाली, हे कुठल्याही मानसोपचाराच्या पुस्तकात 'मदत का मागत नाहीत' या धड्यात आहे, पण धोरण म्हणून उतरवायला माणसं लागतात.

आणि दुसरं म्हणजे तिथल्या नर्स-डॉक्टरांना शिकवलं गेलं. "चुकून विष प्यायली" असं आलं की थांबायचं, नातेवाईकांना बाहेर पाठवायचं, मग विचारायचं. दिलासा नंतर मुंबईतल्या अजून हॉस्पिटलांत गेलं, राष्ट्रीय आरोग्य अभियानात घेतलं गेलं, आणि दुसऱ्या राज्यांनीही तसं मॉडेल उचललं. त्याच्या कितीतरी आधी, १९८४ साली, मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला होता, पोलिसांच्या इमारतीत पण पोलीस नसलेली प्रशिक्षित सोशल वर्कर. २००५ मध्ये तो राज्य सरकारने आपल्याकडे घेतला. दोन्हीत युक्ती एकच, जिथे बाई आधीच येते तिथे ऐकणारं माणूस बसवा.

इथे काउन्सेलिंग म्हणजे काय यावरही बोलायला पाहिजे कारण तुझ्या नोट्समध्ये समुपदेशन हा शब्द एखाद्या मलमासारखा वापरलेला असणार. आपल्याकडे 'समजावणं' म्हणजे पूर्वापार तिला समजावणं. "थोडं तू घे, थोडं तो घेईल, पोरांकडे बघ." मी स्वतः पहिल्या दोन वर्षांत असं केलंय, लपवत नाही, आणि समेट झाला की रजिस्टरमध्ये 'यशस्वी' लिहायचे. त्यातली एक 'यशस्वी' सात महिन्यांनी परत आली, या वेळी जबडा तुटलेला होता. त्यानंतर मी तो रकानाच बंद केला, वरिष्ठांनी विचारलं यशाचं प्रमाण काय, म्हटलं सर तुम्हीच सांगा काय लिहू. तेव्हा ज्या हॉस्पिटलात होते तिथे हे आवडलं नाही, असो. चांगल्या पद्धतीत पहिलं वाक्य असतं "यात तुमची चूक नाही", आणि दुसरा प्रश्न असतो "आज रात्री घरी जाणं सेफ आहे का?". मग कागदपत्रं कुठे आहेत, शेजारी कोण आहे, पोरांना खूण काय शिकवायची, दोनशे रुपये आणि आधार कार्ड कोणाकडे ठेवायचं. याला सेफ्टी प्लॅन म्हणतात. ऐकायला थेरपी वाटत नाही, पण जीव यानेच वाचतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एक गोष्ट आहे जी परीक्षेत लिहिलीस तर सर चमकतील. प्रत्येक बाईला सरसकट विचारायची सक्ती करू नका असं त्यात आहे, जिथे खुणा दिसतात तिथे विचारा, आणि तेही विचारणाऱ्याला ट्रेनिंग असेल, एकांत असेल आणि पुढे पाठवायला जागा असेल तरच. आपल्याला वाटेल उलटं, सगळ्यांनाच विचारा ना! पण सगळ्यांना विचारा म्हटलं की तो फॉर्मवरचा एक टिकमार्क होतो, नर्स मान वर न करता विचारते "मारतो का नवरा, नाही ना, पुढं", आणि ज्या बाईने आज हिंमत गोळा केली होती तिचा दरवाजा कायमचा बंद. वाईट विचारणं न विचारण्यापेक्षा वाईट असू शकतं.

कायद्याचं थोडक्यात उरकते. घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याच्या व्याख्येत शारीरिक आणि लैंगिक छळासोबत तोंडी-भावनिक आणि आर्थिक छळही आहे. पगार काढून घेणं, "मुलगा होत नाही" म्हणून हिणवणं, हे कायद्याच्या भाषेत येणं ही स्त्री चळवळीची कमाई आहे, आमचा हातभार त्यात एवढाच की जखम न दिसणाऱ्या छळाचेही परिणाम असतात हे दाखवता आलं. त्याच कायद्याने दवाखान्यावरही जबाबदारी टाकलीय हे निम्म्या स्टाफला माहीत नसतं.

आता आमच्या विषयाची घाण पण दाखवते, नाहीतर म्हणशील ताई स्वतःचीच आरती ओवाळते. शॉक दिलेल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञाने 'शिकलेली असहायता' ही कल्पना मांडली, म्हणजे काही केलं तरी सुटका नाही असं वाटून प्रयत्नच सोडून देणं, आणि लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईने सत्तरच्या दशकात ती मार खाणाऱ्या बायकांना लावली, हेतू चांगला होता, कोर्टाला समजावं की ती निघून का जात नाही. पण झालं काय, सगळा प्रश्न बाईच्या डोक्यात ढकलला गेला. ती निघून का जात नाही? कारण तिची मानसिकता. घर नावावर नाही, माहेरी भावजय आहे, बँकेचं पासबुक सासऱ्याकडे आहे, पोरांची शाळा सासरच्या गावात आहे, हे सगळं बाजूला! बऱ्याच जणी निघून गेल्या की जास्त धोक्यात येतात हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, त्याला असहायता म्हणायचं की हिशोब? आणि आपल्याकडे तर अजून भारी, घटस्फोटाच्या केसमध्ये "बायको मनोरुग्ण आहे" असा कागद हवा म्हणून नवऱ्याकडचे लोक आमच्या ओपीडीत येतात, कधी गोड बोलून, कधी पाकीट घेऊन. धोरणात सायकॉलॉजी आणा म्हणताना ही बाजू विसरायची नाही.

यालाच जोडून गोव्याची गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. "अंगावरून पांढरं जातं" ही तक्रार महाराष्ट्रात, गोव्यात, सगळीकडे. सोबत कंबर दुखते, चक्कर येते, अशक्तपणा. सरकारी पद्धत काय होती, लक्षण सांगितलं की इन्फेक्शन धरून गोळ्या द्यायच्या. गोव्यात विक्रम पटेल हे सायकियाट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजाराच्या आसपास बायकांचा अभ्यास केला, तक्रारही विचारली आणि तपासणीही केली. तर या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा उदासी-चिंतेशी आणि घरातल्या त्रासाशी जास्त निघाला. म्हणजे त्या बाया खोटं बोलत नव्हत्या, "मी खचलेय" हे म्हणायला जी भाषा घरात चालते त्या भाषेत बोलत होत्या. "मन लागत नाही" म्हटलं तर दवाखान्यात कोण नेतंय? पांढरं जातं म्हटलं की नेतात.

पण थांब, यावरून लगेच "बायकांचं सगळं मानसिकच असतं" असा निष्कर्ष काढू नकोस, काही डॉक्टर काढतात. त्यांच्यासाठी गडचिरोली. १९८९ साली राणी बंग आणि अभय बंग यांचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तर ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचं काही ना काही निघालं, आणि त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन, मधल्या काळात ती अस्तित्वातच नव्हती. म्हणजे एकीकडे शरीराचा आजार कोणी विचारलाच नाही, दुसरीकडे मनाचा आजार शरीराच्या नावाखाली गोळ्या देऊन घालवला. दोन्हीकडे दोष एकच, ऐकायच्या आधीच उत्तर ठरलेलं.

बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचंही तसंच. गोव्यातल्याच २००२ साली छापून आलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं, आणि कारणांमध्ये गरिबी, नवऱ्याची हिंसा आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं. हार्मोनचं कारण सांगून हात झटकता येणार नाही असा तो निकाल आहे. अमुक घरात मुलगी झाली म्हणून आई आजारी पडते तर आजार कोणाचा? पुढे गोव्यातच संगात या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत सायकियाट्रिस्ट नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या स्थानिक काउन्सेलरनी डिप्रेशन-चिंतेवर उपचार करून दाखवले, २०१० मध्ये त्याचा निकाल आला, सरकारी केंद्रांत फायदा दिसला. देशात सायकियाट्रिस्ट मूठभर आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे "तज्ज्ञ मिळाले की बघू" ऐवजी हाताशी आहे त्या माणसाला शिकवा हा विचार धोरणात आला तो अशा कामांमुळे.

आत्महत्यांवर सांभाळून लिहिते. २०२१ ला देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात गृहिणी २३,१७८, म्हणजे जीव दिलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त. शेतकरी आत्महत्येवर आपण बोलतो, बोललंच पाहिजे, पण या बायकांवर किती बातम्या बघितल्यास? पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, भादंवि ३०९, त्यामुळेच तर केसपेपरवर 'चुकून प्यायली' यायचं, घरच्यांना पोलीस नको, तिलाही नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो मे २०१८ पासून लागू झाला, कलम ११५ मध्ये उलटं गृहीत धरलं: असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं समजायचं, शिक्षा नाही, आणि सरकारने तिची काळजी घ्यायची. नव्या न्याय संहितेत ते जुनं कलम त्या रूपात उरलेलंच नाही. गृहीतक बदललं की रजिस्टर बदलतं, पण आमच्या स्टाफला हे कळायला कित्येक वर्षं गेली, आजही रात्रपाळीचा कोणीतरी तिला दम देताना दिसतो, "तुझ्यावर केस होईल हां". (तुझ्या किंवा वाचणाऱ्या कोणाच्या मनात असं काही चालू असेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.) आणि श्रीलंकेचं उदाहरण वाच. तिथे सर्वात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि नव्वदच्या दशकापासून आत्महत्यांचं प्रमाण प्रचंड खाली आलं. तो क्षण बऱ्याचदा अल्पकाळ असतो, त्या क्षणी घरात काय हाताशी आहे यावर सगळं ठरतं. हे मनाबद्दलचं ज्ञान आहे आणि उपाय शेतीखात्याच्या हातात. असं असतं धोरण, आपल्या खात्यात बसतच नाही.

नसबंदीचं बघ. बायकांची नसबंदी एनएफएचएस-५ मध्ये ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पोट उघडावं लागत नाही, तासाभरात घरी. तरी नाही. "ताकद जाते, ओझं उचलता येत नाही" हा गैरसमज आहेच, पण सगळं गैरसमजावर ढकलू नये. आणीबाणीत १९७६-७७ मध्ये साठ लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली, त्यात जबरदस्ती किती होती ते जुन्या लोकांना विचार, तो धसका दोन पिढ्या टिकला आणि त्यानंतर सगळा कार्यक्रम गुपचूप बायकांकडे वळला. आणि आज निरोप कोण नेतं? आशाताई. ती बाई आहे, दुपारी जाते, घरात असते बाई, बोलणं होतं बाईशी. नवरा कामावर. म्हणजे गर्भनिरोधन हे बायकांचं खातं आहे हे आपण न बोलता रोज शिकवतोय, आणि वर्षातून एक पंधरवडा 'पुरुषांनो पुढे या' असं बॅनर लावतोय. रोजची रचना एक सांगते, बॅनर दुसरं, लोक कोणाचं ऐकणार?

मन बदलतं का मग? बदलतं, पण बघून, ऐकून नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात एक सुंदर अभ्यास झाला, अर्थशास्त्रज्ञांनी केला पण साधनं आमची वापरली. सरपंचपदाचं महिला आरक्षण चिठ्ठ्या टाकल्यासारखं फिरतं, त्यामुळे आरक्षण मिळालेली आणि न मिळालेली गावं तुलनेला आयती मिळाली. लोकांना एकच भाषण ऐकवलं, कोणाला पुरुषाच्या आवाजात, कोणाला बाईच्या, आणि विचारलं नेता कसा वाटला. जिथे बाई सरपंच कधी झालीच नव्हती तिथे पुरुषांनी तेच भाषण बाईच्या आवाजात असलं की कमी मार्क दिले, जिथे लोकांनी बाईला कारभार करताना पाहिलं होतं तिथे हा फरक जवळपास गेला. मजा म्हणजे "बाई नेता आवडेल का" असं सरळ विचारलं तर आवड फारशी बदललेली नव्हती! आवडत नाही पण जमतं हे पटलं. २०१२ च्या पुढच्या अभ्यासात तर ४९५ गावं पाहिली, त्यातल्या जिथे दोन वेळा आरक्षण झालं तिथे मुलींच्या स्वप्नांबद्दल आईबापांच्या अपेक्षेत मुलगा-मुलगी असा जो फरक असतो तो २५ टक्क्यांनी कमी झाला, आणि मुला-मुलींच्या स्वतःच्या अपेक्षांतला ३२ टक्क्यांनी. आपल्याकडे पंचायतीत २०११ पासून ५० टक्के आरक्षण आहे. हो, सरपंचपती आहेत, खुर्चीवर ती आणि बोलणारा तो, माहितीये. पण तिची सही लागते, ग्रामसभेत तिचं नाव पुकारलं जातं, आणि समोर बसलेली सातवीतली पोरगी ते बघते. मला पोस्टर आणि ही पोरगी यात निवडायला सांगितलं तर मी पोरगी निवडेन.

शाळेतल्या कार्यक्रमांबद्दल फार नाही लिहीत, एकच सांगते. हरियाणात ३१४ सरकारी शाळांमध्ये सातवी ते दहावीच्या मुलामुलींसोबत अडीच वर्षं चर्चेचे तास घेऊन नीट तपासणी झाली. विचार बदलले आणि दोन वर्षांनीही टिकले. वागण्यातला बदल मुलांमध्ये जास्त दिसला, मुलींमध्ये कमी. का? मुलाने ठरवलं आज मी भांडी घासणार तर तो घासू शकतो. मुलीने ठरवलं आज मी एकटी तालुक्याला जाणार, तर तिने ठरवून काय होतं, दार तिच्या हातात कुठाय. म्हणून नुसतं 'सक्षमीकरण' लिहू नकोस, ते बहुतेक वेळा तिलाच दिलेला होमवर्क असतो.

तू शेवटी हळूच विचारलंयस की यात करिअर आहे का. आहे, पण पगार कमी, पोस्ट कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांचे करार, आणि फंड आला नाही की सगळ्यात आधी काउन्सेलर जातो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, वन स्टॉप सेंटरमध्ये (हिंसा सोसलेल्या बायकांना सगळी मदत एका छताखाली देणारं सरकारी केंद्र), पोलिसांकडच्या विशेष कक्षात जागा निघतात, लक्ष ठेव. तोवर एक काम कर, जवळच्या सरकारी दवाखान्यात परवानगी काढून तीन दिवस ओपीडीत नुसती बस आणि लिहून काढ, बाईला प्रश्न विचारला तेव्हा खोलीत कोण होतं आणि उत्तर कोणी दिलं. आमच्याकडे मी हेच केलं होतं, आणि ती तीन पानं मेट्रनना, म्हणजे नर्सांच्या प्रमुख बाईंना, दाखवली. ट्रेनिंग, निधी, जीआर असलं काही झालं नाही. मेट्रननी नातेवाइकांचा बाक उचलून दाराबाहेर ठेवायला लावला आणि दारावर "एका वेळी एकच पेशंट, नातेवाइकांनी बाहेर थांबावे" असा कागद चिकटवला. पुढच्या महिन्यात माझ्याकडे पाठवलेल्या बाया आधीच्यापेक्षा जास्त होत्या, इतक्या की मला दुसरी खुर्ची मागावी लागली. ती खुर्ची चार महिन्यांनी आली, एक हात तुटलेली.